मागची खाली येऊन राहिली

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक असत्य मी इतक्या वेळा उच्चारले, की ते असत्य आहे याचे भानही मला उरले नव्हते. पुढे त्याच असत्याने एका मुलीच्या आयुष्यातले एक वर्ष खाऊन टाकले आणि ते झाकण्यासाठी मी दुसरे असत्य बोललो. पहिल्याची लाज मला उशिरा वाटली. दुसऱ्याची तर बोलतानाच वाटत होती. तरीही मी ते पूर्ण बोललो, आणि नंतर कित्येक वर्षे कुणालाही, अगदी घरातही, त्याविषयी अवाक्षर काढले नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कंडक्टरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या एकदोन मी सांगणारही आहे. परंतु ही गोष्ट वगळून लिहिले, तर ते पूर्ण पैसे घेऊन अर्धे तिकीट हातावर ठेवल्यासारखे होईल.

ऐंशीच्या दशकात मी राज्याच्या सीमेपलीकडच्या, हिंदी-मराठी मुलखातल्या सौंसर-पांढुर्णा मार्गावर सरकारी बसचा कंडक्टर होतो. बी.ए. झालो होतो. मास्तर व्हायचे होते, ते जमले नाही, म्हणून गळ्यात चामड्याची बॅग अडकवली. बाहेरच्या माणसाला वाटते, कंडक्टर म्हणजे तिकिटे फाडणारा. तिकिटे फाडणे हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग. खरे काम निराळे आहे. गाडी चालवतो ड्रायव्हर, पण ती कुणासाठी थांबेल हे ठरवतो कंडक्टर. घंटीची दोरी एकदा ओढली की गाडी थांबे, दोनदा ओढली की निघे. रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा असलेला माणूस पुढे जाणार की तिथेच राहणार, हे माझ्या बोटांवर अवलंबून असे. तहसीलदाराला असा अधिकार दिवसातून एकदोनदा गाजवायला मिळत असेल. मला तो दर मैलावर मिळे.

कापसाच्या दिवसांत, संत्र्याच्या तोडीत आणि मंगळवारी-शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची रीघ लागली, की गाडीत पाय ठेवायला जागा नसे. अशा वेळी रस्त्यावरच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे कठीण. तो दारावर थापा मारतो, लटकतो, आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. त्यावर आम्हा कंडक्टर मंडळींत एक वाक्य चालत आले होते: “मागची खाली येऊन राहिली.” म्हणजे, मागची गाडी रिकामी येते आहे; ‘खाली’ हा हिंदीतून आलेला शब्द आमच्या बोलीत पुरता मुरला आहे. हे वाक्य कानी पडताच माणूस आपणहून दोन पावले मागे सरे. कुणी कुणी तर “बरं झालं सांगतलं भाऊ” असेही म्हणे. मागून गाडी कधी येई, कधी नसेच. तोवर आम्ही पुढच्या गावी पोचलेलो असू.

नोकरीला लागल्यावर जुन्या कंडक्टरांनी मला तिकिटांचा हिशेब शिकवला, धावत्या गाडीत पाठ टेकून तोल सांभाळायला शिकवले, आणि हे वाक्यही शिकवले. तिन्ही गोष्टी मी सारख्याच निष्ठेने आत्मसात केल्या.

गजभिये सर त्या काळात सौंसरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवीत आणि पांढुर्ण्याहून रोज आमच्या गाडीने ये-जा करीत. सडपातळ अंगकाठी, झिजलेली पण कडक इस्त्रीची कॉलर, आणि खांद्यावरच्या पिशवीत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश. प्रवासात ते तो कोश कादंबरीसारखा वाचीत. मधूनच स्वतःशी हसत. कोशात हसण्यासारखे काय असते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. रविवारी ते आसपासच्या वस्त्यांवर जाऊन तिथल्या विहारात शेतमजुरांच्या मुलामुलींना शिकवीत. त्याबद्दल ते स्वतः कधी बोलत नसत. पण ती मुले गाडीत चढली की सरांना पाहून सावरून बसत, त्यावरून आम्हाला समजे.

एकदा मोहगावला एक म्हातारे शेतकरी चढले. बसायला जागा नव्हती. मी पैसे मागितले तर म्हणाले, “अर्धं तिकीट दे.”

“अर्धं काहून, बाबाजी?”

“उभा जाऊन राहिलो ना मी! बसाले जागा नाही, अन् हिले बस काहून म्हणता मंग? उभी म्हना!”

सारी गाडी हसली. आमचे ड्रायव्हर करीम उस्ताद मागे न पाहताच ओरडले, “बाबाजी, उद्या तुमच्यासाठी खाट टाकतो गाडीत!” आमच्याकडे ड्रायव्हरला उस्ताद म्हणण्याची पद्धत आहे, आणि करीमभाईंना ते शोभत असे.

सर मात्र हसता हसता कोश मिटून म्हणाले, “देवराव, बाबाजीचा सवाल बरोबर आहे. हिले बस काहून म्हणतात, ठाऊक आहे तुम्हाले?”

मला ठाऊक नव्हते. ज्या शब्दावर माझे पोट चालत होते, त्याच्या कुळाची चौकशी मी कधी केली नव्हती.

मग मोहगाव ते पांढुर्णा एवढ्या वाटेत सरांनी त्या शब्दाची जन्मकथा सांगितली. इंग्रजीतला ‘बस’ हा शब्द म्हणजे एका मोठ्या शब्दाची शेपटी. मूळ शब्द लॅटिन, ‘ऑम्निबस’. अर्थ, ‘सर्वांसाठी’. फ्रान्समधल्या एका शहराबाहेर कुणा गृहस्थाने गरम पाण्याची स्नानगृहे काढली आणि गिऱ्हाइके यावीत म्हणून घोड्यांची मोठी गाडी सुरू केली. लोक गाडीत बसत, पण स्नानगृहापर्यंत न जाता मध्येच आपापल्या कामाच्या ठिकाणी उतरून जात. गृहस्थ हुशार होता. त्याच्या ध्यानात आले, की लोकांना आंघोळ नको आहे, गाडी हवी आहे. ती गाडी जिथून सुटे तिथे एका टोपीवाल्याचे दुकान होते. त्याचे आडनाव लॅटिनमधल्या ‘सगळे’ या शब्दासारखे होते. म्हणून त्याने दुकानाच्या पाटीवर आडनावापुढे गमतीने ‘ऑम्निबस’ हा शब्द जोडला होता, आणि तेच नाव गाडीला चिकटले, असे सांगतात.

“टोपीवाल्याची गोष्ट खरी का मागून रचलेली, यावर विद्वान लोक भांडत असतात,” सर म्हणाले. “पण अर्थावर भांडण नाही. सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी.”

पुढे इंग्लंडात लोकांना एवढा लांब शब्द उच्चारायचा कंटाळा आला. त्यांनी डोके तोडून टाकले आणि शेपटी ठेवली. आपल्या ‘सर्वांना’ या शब्दातले ‘सर्वां’ गळून जावे आणि नुसते ‘ना’ हाती उरावे, तसे झाले. एकट्या शेपटीला काहीच अर्थ नव्हता. जगाने वापरून वापरून तो तिला दिला. सरांचे बोलणे असे होते, की शब्द त्यांच्या तोंडून चालत येऊन शेजारी बसल्यासारखे वाटत. त्याच घराण्यातली इतर मंडळीही त्यांनी त्या दिवशी ओळखीची करून दिली. एकाच लेखकाची अनेक पुस्तके एका बांधणीत काढतात, तोही ऑम्निबस. विजेच्या उपकेंद्रात एक जाड पट्टी असते, तिच्यावरून सगळ्या तारांना वीज जाते, ती बसबार. अमेरिकेतल्या खानावळीत ताटे उचलणाऱ्या, पाणी देणाऱ्या, पडेल ते काम करणाऱ्या गड्याच्या ‘बसबॉय’ या नावातही हीच शेपटी आहे.

म्हातारबाबा सारे ऐकत होते. उतरताना म्हणाले, “मास्तर, सर्वांसाठी आहे तं मंग पैसे काहून घेते हा?”

त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी मी पत्नीसह सौंसरला निघालो. गाडी उस्तादांचीच होती आणि बदली कंडक्टर नवखा. पाहता पाहता मी त्याची तिकिटे फाडू लागलो. सरांनी ते पाहिले आणि इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. सुट्टीतही आपलेच काम करीत बसणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत ‘बसवाल्याची सुट्टी’ असाच वाक्प्रचार आहे, असे त्यांनी सांगितले. “हिंदी-मराठीत याले काय म्हणतात?” मी विचारले. माझी पत्नी म्हणाली, “आमच्या घरी याले देवराव म्हणतात.”

पण ‘सर्वांसाठी’ हा बसचा अर्थ आपल्या वागण्यात उतरवलेली माणसे मी पाहिली ती एका मंगळवारी. जामसांवलीला डोके फिरलेल्या माणसांना देवाच्या पायी आणण्याची रीत आहे. सौंसरला एक तरुण शेतकरी आपल्या मोठ्या भावाला घेऊन चढला. भावाचे हात दुपट्ट्याने बांधलेले होते आणि तो मोठमोठ्याने कुणाला तरी बैल सोडायला सांगत होता. लोक घाबरले. बाजाराला निघालेला एक व्यापारी ओरडू लागला, “उतरवा त्याले! लेकराबाळाची गाडी आहे ही!” आणखी काही आवाज त्याला मिळाले. मी दोरीला हात घातला. एकदा ओढायची, त्या दोघांना उतरवायचे, आणि ते नेहमीचे वाक्य सांगून मोकळे व्हायचे, असे माझ्या मनात आले होते. हे मी आज लपवीत नाही.

माझ्या आधी उस्तादांनीच गाडी थांबवली. ते मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, “शेठजी, तो देवाकडं चालला अन् तुम्ही बाजाराले. कोणाले जास्त घाई आहे, तुम्हीच सांगा.”

गजभिये सर उठले, बांधलेल्या माणसाजवळ गेले आणि त्याला म्हणाले, “बैल सोडले, दादा. पाणीबी पाजलं. आता बसा.” तो बसला. सर जामसांवलीपर्यंत त्याच्या शेजारीच बसून होते. तो विचारी आणि ते बैलांची खबर देत.

अशा दोन माणसांच्या सहवासात मी रोज होतो. यापुढे जे लिहितो आहे, ते शब्दाचा अर्थ कळल्यानंतरचे आहे, आणि हा मंगळवार पाहिल्यानंतरचे आहे. अज्ञानाची सबब मला नाही.

तो शनिवार होता. पांढुर्ण्याकडे जाणारी त्या दिवसाची शेवटची गाडी आमचीच; शनिवारी कधी कधी मागून जादा गाडी सुटे, त्या दिवशी नव्हती. सर आधीच्या गाडीने गेलेले. जामसांवलीहून गाडी भरली होती; पण मोहगावला बरेच लोक उतरले आणि उभे राहण्यापुरती जागा झाली. मोहगावच्या पुढे एक फाटा आहे. तिथून आत बौद्ध मजुरांची वस्ती. त्या फाट्यावर एक माणूस हात वर करून उभा होता आणि त्याच्या बाजूला एक मुलगी, हातात कापडी पिशवी, केस नीट विंचरलेले. उस्तादांनी गाडी हळू केली आणि आरशातून मला विचारले, “घेऊ ना दोघांले?”

मी दिवसभराचा थकलो होतो. हिशेब लावायचा होता. गाडी थांबवली की पुन्हा सगळी गर्दी चिरून मागे जाऊन तिकीट द्यावे लागणार. मी पुढच्या खिडकीतून डोके काढून म्हणालो, “मागची खाली येऊन राहिली,” आणि दोरी दोनदा ओढली.

त्या माणसाने हात खाली घेतला. मुलगी मला म्हणाली, “हो भाऊ.”

पुढच्याच गावच्या स्टँडवर पाटलांकडचे पाहुणे उभे होते. त्यांच्यासाठी मी गाडी थांबवली, आणि ते सगळे मावले.

पुष्कळ वर्षांनी मी स्वतःला विचारले, की हे वाक्य मी कुठे कुठे बोलत असे? गावच्या स्टँडवर, जिथे पाटील, सरपंच, दुकानदार उभे असत, तिथे मी ते क्वचितच बोललो. तिथे बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी माझी तक्रार गेली असती. ते मी बोललो फाट्यांवर, शेतांच्या कडेला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बायांना. जिथे ऐकून घेणारी माणसे होती, तिथेच माझी थाप चालत होती. आम्ही तिला गर्दीवरचा उपाय समजत होतो; प्रत्यक्षात ती माणसांची निवड होती, आणि ती मी करीत होतो.

पुढच्या आठवड्यात सर नेहमीच्या जागी बसले. कोश पिशवीतच होता. म्हणाले, “देवराव, शनिवारी मागची गाडी कुठं बिघडली होती?”

मला कळेना. त्यांनी सांगितले, की फाट्यावरचा माणूस म्हणजे दौलत, शेतमजूर, आणि मुलगी म्हणजे त्याची सुजाता. नर्सच्या शिक्षणाच्या निवडीसाठी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी जबलपूरला हजर राहायचे होते. सर तिला विहारात इंग्रजी शिकवीत, अर्जही त्यांनीच करवला होता. पांढुर्ण्याहून इटारसीची गाडी धरायची आणि पुढे जबलपूर. बापलेक अंधार पडेपर्यंत फाट्यावर थांबले. मग चालत निघाले. स्टेशनात पोचले तेव्हा आगगाडी गेलेली. पुढच्या गाडीने जबलपूरला गेले, पण तोवर नावे पुकारून झाली होती.

“पोरगी म्हणते, कंडक्टरभाऊनं सांगतलं होतं, म्हणजे मागची येतच होती. मधात बिघडली असन,” सर म्हणाले. “कुठं बिघडली?”

त्या प्रश्नात संशयाचा लवलेश नव्हता. तो असता तर कदाचित मी खरे बोलून गेलो असतो. मी म्हणालो, “मोहगावपाशी, सर. इंजिनचा पट्टा तुटला तिचा.”

“तरीच,” सर म्हणाले. “सांगतो तिले. तिचा तुमच्यावर राग नाही बरं का.”

त्या संध्याकाळी गाडी उभी करताना उस्तादांनी मला एवढेच विचारले, “पट्टा कोणाच्या गाडीचा तुटला गा, देवराव?” मी बॅग उचलून हिशेब द्यायला गेलो. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. पण त्यानंतर रस्त्यावर कुणाचाही हात दिसला, की ते मला न विचारता गाडी थांबवीत. मीही ते वाक्य पुन्हा कधी उच्चारले नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. ते तोंडाशी आले की त्या मुलीचे ‘हो भाऊ’ कानी पडे.

एक वर्ष म्हणजे काय, हे मजुराच्या घरात समजते. दौलतकडे सुजातासाठी स्थळे येत होती. नातेवाईक म्हणत होते, की एकदा हुकलं म्हणजे नशिबातच नव्हतं. दौलतने सगळ्यांना परत पाठवले. सुजाता वर्षभर दिवसा कापूस वेचायला जाई आणि संध्याकाळी विहारात बसे. अनेकदा ती आमच्याच गाडीने शेतावर जाई. कापसाने चिरलेल्या बोटांनी पैसे पुढे करी आणि “मोहगाव, भाऊ” म्हणे. ते पैसे घेताना मी खिडकीबाहेर पाही. गाडीत उभ्या उभ्या ती इंग्रजी शब्द ओठांतल्या ओठांत पाठ करी. ज्या मुलीने माझ्यासारख्याचे बोलणे खरे मानले, तिने स्वतःवरचा विश्वास मात्र ढळू दिला नाही. पुढच्या साली तिची निवड झाली. सरांनी त्या दिवशी गाडीत पेढे वाटले. मलाही दिला.

दशक सरत आले तेव्हा ती सौंसरच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून रुजू झाली आणि पांढरी साडी नेसून आमच्याच गाडीने घरी परतू लागली. बाया तिला जागा देत, आपली दुखणी सांगत. सर निवृत्तीला आले होते. ते तिच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोलत आणि तीही हसत हसत उत्तर देई.

एका संध्याकाळी तिच्या वस्तीतलीच एक मुलगी तिच्या शेजारी बसली होती. तिलाही त्याच शिक्षणासाठी जबलपूरला जायचे होते. सुजाता तिला सांगत होती, “एक दिवस आधीच निघजो बाई. गाडीचा भरवसा धरू नको. आमच्या वेळेस मागची मोहगावपाशी बिघडली, पट्टा तुटला, अन् माझं सारं वर्ष गेलं.”

“अन् पुढच्या गाडीवाल्यानं काहून नाही घेतलं तुमाले?” मुलीने विचारले.

“त्याची गाडी भरून होती. भला माणूस आहे तो, त्यानं तं सांगतलं होतं मागची येऊन राहिली म्हणून.” तिने माझ्याकडे बोट दाखवले आणि हसली. “हेच तं होते आपले कंडक्टरभाऊ. गाडी बिघडली त्याले ते काय करतीन?”

समोरच्या सीटवरून सरांनीही मान डोलावली.

माझ्या खोटेपणाची ती वर्षानुवर्षे बाजू घेत होती, आणि आता ते खोटे एका नव्या मुलीच्या पदरात घालीत होती. मी त्यांच्या सीटपाशी गेलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो, “ताई, मागं गाडी नव्हती.”

चढाव होता. इंजिन कण्हत होते. तिने कानाशी हात नेला. “काय म्हणता भाऊ? आइकू नाही आलं.”

मी जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. माझी पत्नी म्हणते, की मी ‘तिकीट, तिकीट’ही देवळात बोलल्यासारखे म्हणत असे. त्या दिवशी मी दांडा धरला आणि मागच्या सीटवरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो:

“त्या शनिवारी मागून गाडी नव्हतीच, ताई. कोणाचा पट्टा तुटला नव्हता. आमचीच शेवटची होती, मले ठाऊक होतं. गाडीत जागाबी होती. तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून मी तुमाले खोटं सांगतलं. सर, तुम्हालेबी खोटंच सांगतलं. तुमचं वर्ष माझ्यापायी गेलं, ताई. माझी चूक झाली. मले माफ करा.”